सोंगाची चूल

चंद्रभागेनं उभ्या जन्मात कोणाला फसवलं नव्हतं. फसवलं ते एकदाच, सरकारला, आणि तेही पाण्यापायी. आता सरकारला फसवून आजवर कोणाचं काय वाकडं झालंय, असं तुम्ही म्हणाल. खडकवाडीतही सगळे तसंच म्हणत होते.

खडकवाडी चांदवडच्या डोंगराखाली. खाली खडक, वर खडक आणि मधे हातभर माती. तिथं पुंजारामची नऊ एकर जिरायत. पाऊस झाला तर बाजरी, कमी झाला तर कुळीथ, नाहीच झाला तर हरी हरी. तिकडं देवळ्याच्या बाजूला लोक कांद्यावर माड्या चढवत होते आणि पुंजाराम दर जूनला आभाळाकडं बघून मान अवघडून घेत होता. जमिनीत पाणी होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या अंगाच्या लिंबाची पानं भर उन्हाळ्यात हिरवीगार असायची. पण तिथवर पोचायचं तर खडक फोडायला हवा, आणि खडक फुकट फुटत नाही.

घरात माणसं मोजकी. थोरला पुंजाराम आणि त्याची बायको चंद्रभागा, धाकटा गोरक्ष आणि त्याची बायको सुमन, आणि या धाकट्यांची दोन मुलं. चंद्रभागेच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. पण तिचं खरं पहिलं लेकरू म्हणजे गोरक्षच. सासू गेली तेव्हा तो अंगणात रांगता रांगता उभा राहायला शिकत होता आणि ही स्वतः परकर नेसायच्या वयाची. तिनं त्याला कडेवर घेतला तो मिसरूड फुटेस्तोवर खाली ठेवलाच नाही, असं गाव म्हणायचं. बहात्तरच्या दुष्काळात दोघं एकाच ढिगाऱ्यावर खडी फोडत होते. तिथं वाटायला येणारी सुकडी ही पदराखाली ठेवायची आणि म्हणायची, "खा रं, मला नाय आवडत." सुकडी कोणाला आवडत नव्हती हो त्या साली?

त्र्याऐंशी साल असेल. ग्रामसेवक भाऊसाहेब सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पुंजाराम, विहिरीला सरकार अनुदान देतंय. पण पाच एकराच्या आतल्यालाच. तुझं नऊ एकर एका नावावर, म्हणजे तू बडा बागायतदार!"

पुंजाराम हसला. "बागायतदार म्हनं! बागंत नुसते दगडं हायेत."

"म्हणून सांगतो. दोघा भावांच्या नावानं वाटणी दाखव. साडेचार-साडेचार. दोघंही अल्पभूधारक. खालचा तुकडा गोरक्षच्या नावावर कर, तिथं विहीर मंजूर करून आणतो."

वाटणी म्हटल्याबरोबर पुंजारामचं तोंड कडू झालं. त्याच्या बापानं आणि चुलत्यानं वाटणीत एक बैल मधोमध कापायचा तेवढा बाकी ठेवला होता. "आपल्या घरात हा शब्द नको भाऊसाहेब," तो म्हणाला. "पाणी नाय मिळालं तरी चालंल."

तेव्हा आतून चंद्रभागा बोलली. दाराआडून बोलायची रीत, पण आवाज असा की ओट्यावरची कोंबडी उठावी. "आवो, कागदाला काय कळतंय? कागदावर दोन का चार करा. चूल एक तर घर एक. माझी चूल एक हाय तवर कोण वाटणी करतंय बघते मी!"

झालं. तिनं म्हटलं म्हणजे झालंच. तलाठ्याकडं नोंद झाली, रेशनकार्डं दोन झाली, आणि घरात कोणाला ओरखडाही उमटला नाही. सगळी एकाच ताटलीतल्या मिठाला हात लावत होती.

आणि मग पंधरवड्यानं भाऊसाहेब घाईघाईत आले. "तालुक्याचा साहेब तपासणीला येणार हाय. कागद त्याला पटत नाय म्हणतो. लोकं खोट्या वाटण्या दाखवत्यात म्हणून घरात जाऊन बघतो. चुली मोजतो."

घ्या! चंद्रभागेचा शब्द साहेबानंच उचलला म्हणायचा.

गोरक्षला यात काही अवघड वाटलं नाही. "तीन दगडं मांडू मागल्या खोलीत. वर राख टाकू. साहेब गेला की उचलून फेकू."

चंद्रभागा अशी उसळली की विचारू नका. "तीन दगडं? मसणात सैपाक करायचाय का? घरात तीन दगडं मांडत्यात व्हय रं मुडद्या? चूल मांडायची तर चुलीसारखी मांडायची!" शुभाशुभाच्या बाबतीत ती देवालाही सवलत देत नसे. मग तिनं स्वतःच ओढ्याकाठची माती आणली, शेण आणि भुसा घालून तुडवली, आणि मागच्या खोलीत चूल घातली. शेजारी भाजी ठेवायला वैलही काढला. दोन दिवस वाळवली, गेरूनं सारवली. इतकी सुबक चूल तिनं स्वतःसाठीसुद्धा घातली नव्हती. सुमन बाजूला उभी राहून बघत होती. मधेच ती म्हणाली, "आक्का, वैल जरा उजवीकडं घेतला तर?" चंद्रभागेनं तिच्याकडं बघितलं. "सोंगाची तर चूल! उजवीकडं काय अन् डावीकडं काय." पण घेतला उजवीकडं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी चूल पेटवायची होती. कोरी चूल बघून साहेबाला संशय आला असता. सुमननं काड्यापेटी शोधली, सापडेना. चंद्रभागा म्हणाली, "थांब गं, उन्हं वर आली," आणि आपल्या चुलीतली पेटती गवरी चिमट्यात धरून तिनं थेट नव्या चुलीत घातली. हळदकुंकू लावलं, तवलीभर दूध उतू घातलं. कोरी चूल तशीच पेटवू नये म्हणतात, म्हणून.

नेमकी तेव्हाच शेजारची तानुबाई ताक मागायला आली. दारातच ती थबकली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! चंद्रे, इस्तव दिलास?"

"काड्यापेटी घावंना."

"मग माझ्याकडनं न्यायची! थोरलीनं आपल्या चुलीतला इस्तव धाकटीच्या चुलीत घातला म्हंजे काय व्हतं ठावं नाय का तुला? वाटणीच झाली की गं खरीखुरी! माझ्या सासूनं असाच दिला व्हता, हातानं. रडत रडत दिला व्हता."

चंद्रभागेच्या हातातला चिमटा तसाच राहिला. ही रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. जगातल्या सगळ्या रीती तिला पाठ, आणि ऐन वेळी हीच विसरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "जा गं, सोंगाला कुठं रीत असती," ती म्हणाली खरी, पण ताक ओतताना अर्धं बाहेर सांडलं.

साहेब दुपारी आला. राजदूतवरून, डोळ्यांना काळा चष्मा, सोबत भाऊसाहेब. माणूस तसा बरा होता. दोन्ही चुली बघितल्या, राखेत बोट घालून बघितलं, दोन्हीकडच्या पिठाच्या डब्यांची झाकणं उघडली. सगळं ठीक. जाता जाता दारात उभा राहून त्यानं सहज विचारलं, "का हो बाई, वेगळं कशामुळं झालात?"

हा प्रश्न भाऊसाहेबांनी पढवला नव्हता. गोरक्ष आढ्याकडं बघायला लागला. पुंजाराम टोपी काढून झटकायला लागला. भाऊसाहेब उगाच हातातले कागद चाळायला लागले. मग चंद्रभागाच पुढं झाली. "बायकांचं पटत नाय साहेब, दुसरं काय! तिच्या हाताला चव नाय अन् जिभेला हाड नाय."

साहेब हसला. सुमनकडं वळून म्हणाला, "खरं का हो?"

सुमननं पदर कपाळावर ओढला. ती नऊ वर्षांत परक्या माणसापुढं बोलली नव्हती. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. आणि मग बोलायला लागली.

"चव कशी असंल साहेब? काय रांधायचं ते आक्का ठरवती. पीठ आक्का काढून देती, तेल आक्का वतती. भाजीत मीठ किती टाकायचं तेबी मी इचारते. माझं लेकरू भुकेनं रडलं तरी आक्का शेतातनं येईस्तवर मी डब्याला हात लावत नाय. आक्का वाईट नाय साहेब. लय जीव लावती. पण कवातरी आपल्या मनानं कायतरी करून बघावं वाटतं. कसं करणार? चूल आक्काची."

साहेबानं खिशातलं पेन काढलं, सही केली आणि गाडीला किक मारली.

गाडी वळणाआड गेल्याबरोबर पुंजाराम जे हसत सुटला ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आरं काय सोंग वठवलं धाकटीनं! तमाशात गेली असती तर नाव काढलं असतं!" गोरक्ष हसला, भाऊसाहेब हसले. चंद्रभागाही हसली. सुमन मात्र नव्या चुलीपुढं बसून निखारे आत सारत होती. तिची पाठच तेवढी दिसत होती.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. चुलीचंही आणता येत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

विहीर मंजूर झाली, पण अनुदान टप्प्याटप्प्यानं मिळणार. भाऊसाहेबांनी बजावलं, "साहेब कवाबी येईल. चूल थंड दिसता कामा नये." म्हणून रोज एक वेळ तरी सुमननं मागच्या खोलीत रांधायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागा पीठ काढून द्यायला गेली आणि डब्यापाशीच थांबली. "सुमे," ती म्हणाली, "तुझं तू काढ गं." सुमननं काढलं. चंद्रभागा दुसरीकडं बघत होती, पण किती ओंजळी काढल्या ते तिला कळत होतं. बेताचंच काढलं होतं. त्याचा तर तिला उलट रागच आला. उधळलं असतं तर निदान बोलता आलं असतं.

सुमनचं माहेर देवळ्याचं. तिकडच्या पद्धतीचे कुळथाचे शेंगोळे ती करायची, लसणाची फोडणी देऊन, झणझणीत. पुंजारामला कुळीथ सोसत नसे म्हणून या घरात शेंगोळे कधी झालेच नव्हते. पहिल्यांदा वास सुटला तेव्हा मुलं मागच्या खोलीकडं पळाली. गोरक्षही हळूच गेला. मग रोजच जायला लागला. पण वहिनीला वाईट वाटू नये म्हणून आधी तिच्याकडं बसून भाकरी खायची, मग मागं जाऊन परत खायची. विहीर खणणारा माणूस वाळतो. हा सुटायला लागला. टोपल्या उचलणारे गडी त्याला विचारायचे, "पाटील, पानी लागायच्या आधी तुमालाच झरा फुटला का काय?"

चंद्रभागेला काय ते कळत नव्हतं? तिच्या हाताखाली वाढलेलं पोर. त्यानं तिसरा घास घेतला की चौथा मनापासूनचा आहे की नाही ते ती सांगू शकत होती. तो समोर बसून भाकरी मोडायचा आणि तिला वाटायचं, हा माझ्यावर उपकार म्हणून खातोय. एका दुपारी ती शेण टाकायला मागच्या अंगाला गेली, तर आतून हसण्याचा आवाज आला. सुमन काहीतरी सांगत होती आणि गोरक्ष हसत होता. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. सुमनचा असा आवाज चंद्रभागेनं कधी ऐकलाच नव्हता. नऊ वर्षं बाई आपल्या घरात आहे आणि आपल्याला तिचं हसणं माहीत नाही! ती शेणाची पाटी घेऊन तशीच उभी राहिली. मग पाटी तिथंच खाली ठेवली.

ती तानुबाईकडं जाऊन बसली. म्हणाली, "माझ्याच हातानं मी माझं घर फोडलं गं."

तानुबाईनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. "घरोघरी मातीच्या चुली, चंद्रे. तुझ्या घरी दोन, येवढंच."

"तुला थट्टा सुचती."

"मग काय रडू? मोड की ती चूल. तू घातली, तूच मोडू शकती. साहेब येऊन गेला का टाक उखडून."

ते शब्द चंद्रभागेनं मनात धरून ठेवले. साहेब येऊन गेला की. शेवटचा टप्पा झाला की. मग परत सगळं एक. ती दिवस ढकलायला लागली.

वैशाखात सुरुंगाचा शेवटचा बार उडाला आणि खालच्या कपारीतून पाणी आलं. नितळ, बर्फासारखं गार. पुंजारामनं विहिरीत उतरून ओंजळ भरली आणि लहान पोरासारखा डोक्यावर ओतून घेतली. गुळखोबरं वाटलं. साहेब आला, त्यानं मोजमाप घेतलं, पाणी प्यायला, खूष होऊन गेला. महिन्याभरात अनुदानाचा राहिलेला टप्पाही मिळाला. भाऊसाहेब निरोप घेऊन आले. "झालं तुमचं काम. आता चूल मोडा, का तिच्यावर तुळस लावा, कोण इचारत नाय."

पुंजाराम कोपऱ्यातली पहार घेऊन आला आणि त्यानं ती चंद्रभागेपुढं धरली. "घे. जिनं घातली तिनंच मोडायची. संपलं सोंग एकदाचं."

चंद्रभागा पहार घेऊन मागच्या खोलीत गेली. तिच्यामागं पुंजाराम, त्याच्यामागं गोरक्ष. चूल सकाळीच सारवलेली होती. कडेला पांढऱ्या मातीची बारीक नक्षी काढली होती. वर फळीवर डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येक डबा पुसून लख्ख. सुमन भिंतीला टेकून उभी होती. तिनं अडवलं नाही, रडली नाही. मुलाला जवळ ओढून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

चंद्रभागेनं पहार उचलली आणि गोरक्षकडं बघितलं. लहानपणी खोडी पकडली गेली की तो असाच उभा राहायचा, पायांकडं बघत. मनात असेल ते तोंडावर आणायचं नाही. वहिनी म्हणेल तसं. तिनं म्हटलं असतं तर त्यानं स्वतःच्या हातानं चूल फोडली असती आणि संध्याकाळी तिच्यापुढं बसून मुकाट्यानं जेवला असता. जन्मभर जेवला असता.

"सुमे," ती म्हणाली, "साहेबापुढं बोलली ते सोंग व्हतं का?"

सुमनचा मुलाच्या डोक्यावरचा हात थांबला. मग हळू म्हणाली, "तोंड उघडलं तवा सोंगच करायचं व्हतं, आक्का. पण बोलाय लागले अन् खरंच आलं."

"मग नऊ वर्सं का नाय बोललीस?"

"तुमी इचारलंच नाय."

पुंजाराम ओरडला, "हे काय चाललंय? मोड की!"

चंद्रभागेनं पहार भिंतीला टेकवून ठेवली. "नाय मोडत," ती म्हणाली. "इस्तव मी दिलाय. दिलेला इस्तव मागं घेत नाय मी."

"आगं, तूच म्हनलीस ना, चूल एक तर घर एक!"

"म्हनले व्हते. चुकले." आणि नवऱ्यावरच डाफरली, "माणूस चुकत नाय व्हय? मग ऐका आता. कागदावरचं खरं समजा. चुली दोन. पण इहीर एक. पाण्याला वाटणी नाय घालायची. जो कोण घालंल त्याला ह्याच पहारीनं..." ती भराभरा बाहेर निघून गेली.

त्या दिवशी दुपारी तिनं दोघांपुरती भाकरी केली. पीठ जास्तच मळलं गेलं. उरलेला गोळा हातात घेऊन ती बसून राहिली, मग गाईला घातला. पुंजाराम खाली मान घालून जेवला आणि विहिरीवर निघून गेला. तिला त्याचा राग आला नाही. स्वतःचाही आला नाही. नुसतं रिकामं रिकामं वाटत होतं.

दिवेलागणीला सुमन दारात आली. "आक्का, आज आमच्याकडं जेवायला या. भाऊजींनाबी घेऊन या, त्यांच्यापुरतं पिठलं केलंय."

आमच्याकडं. मधे एकच भिंत होती. चंद्रभागा तोंड धुऊन, पदर नीट करून निघाली. पुंजाराम आधी नाही नाही म्हणाला आणि मग टोपी घालून मागोमाग आला.

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर गोरक्ष तांब्याभर पाणी घेऊन पुढं आला आणि त्यानं तो तिच्यापुढं ठेवला. दारी आलेल्या पाहुण्याला ठेवतात तसा. त्याला काही वाटलं नसावं. रीत म्हणून आणला. पण या घरात आल्यापासून चंद्रभागेनं रांजणातलं पाणी स्वतः बुडवून घेतलं होतं आणि दुसऱ्यांना दिलं होतं. तिच्यापुढं कोणी तांब्या ठेवला नव्हता. ती त्या तांब्याकडं बघत राहिली. आपण इथं पाहुणी झालो, हे तिला तिथं कळलं. पहार हातात घेतली तेव्हासुद्धा इतकं कळलं नव्हतं. ती चूळ भरून, पाणी पिऊन पाटावर बसली.

सुमननं ताटात शेंगोळे वाढले. मग तव्यावरची भाकरी निखाऱ्याशी उभी केली. ती टम्म फुगली. तिनं ती चिमट्यानं उचलली आणि तशीच, वाफाळती, चंद्रभागेच्या ताटात टाकली. चंद्रभागेनं तुकडा मोडायला बोट लावलं आणि चटका बसला. सगळ्यांचं वाढून झालं की टोपल्यात तळाशी राहिलेली भाकरी तिच्या वाट्याची, आणि ती गार असायची, यात कोणाचा दोष नव्हता. वाढणारीचं तसंच असतं. तव्यावरची भाकरी तिच्या ताटात शेवटची टाकली होती तिच्या आईनं, लग्नाच्या आदल्या दिवशी. आणि आता ही.

तिचे डोळे वाहायला लागले. ती पुसायला गेली नाही. घास तोंडात घालत राहिली.

गोरक्ष घाबरला. "वैनी, लय तिखट झालंय का?"

"नाय रं," चंद्रभागा म्हणाली. "गरम हाय."

आणि मग सुमनकडं बघून तिनं ताट पुढं केलं. "अजून एक टाक गं."